रमाबाई रानडे

रमाबाई महादेव रानडे (इ.स. १८६२ – इ.स. १९२४) या मराठी समाजसुधारक व लेखिका होत्या. पुण्याच्या सेवासदन संस्थेच्या त्या संस्थापक-अध्यक्षा होत. हिंदू स्त्रियांसाठी, विशेषतः विधवांसाठी, परिचारिकेच्या व्यवसायाची वाट खुली करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

जीवन

रमाबाईंचा जन्म सध्याच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात झाला. वयाच्या अकराव्या वर्षी, इ.स. १८७३ मध्ये, त्यांचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. माहेरी त्यांना अक्षरओळख नव्हती. पतीने त्यांना मराठी व पुढे इंग्रजी शिकवले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा या शिक्षणाला विरोध होता; तो सोसून त्यांनी अभ्यास चालू ठेवला. पंडिता रमाबाईंनी इ.स. १८८२ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या आर्य महिला समाजाच्या कार्यात त्या सहभागी झाल्या. मुंबईच्या वास्तव्यात त्यांनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लबचे काम केले. इ.स. १९०१ मध्ये न्यायमूर्तींचे निधन झाल्यावर त्या पुण्यास परतल्या.

सेवासदन व परिचर्या-शिक्षण

बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी इ.स. १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन सुरू केले. त्यानंतर इ.स. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने पुणे सेवासदनाची स्थापना झाली.

त्या काळी उच्चवर्णीय हिंदू कुटुंबांत परिचारिकेचे काम कमीपणाचे मानले जाई. कोणत्याही जातीच्या रुग्णाला स्पर्श करणे, मलमूत्र काढणे, रात्रपाळी आणि परपुरुषांसमवेत काम करणे हे सर्व सोवळ्याच्या व मर्यादेच्या कल्पनांविरुद्ध होते. इ.स. १८९७ च्या प्लेगनंतर पुण्यात रुग्णालयाविषयी लोकांच्या मनात धास्तीही होती. मात्र विषमज्वर, धनुर्वात, मेंदूज्वर यांसारख्या आजारांवर त्या वेळी प्रभावी औषधे नव्हती. बेशुद्ध रुग्णाची कूस बदलणे, श्वसनमार्ग मोकळा राखणे, नाडी व ताप यांची नोंद ठेवणे आणि बदल दिसताच डॉक्टरांना कळवणे यांवर रुग्णाचा जीव अवलंबून असे. घरच्या माणसांकडे माया असली, तरी हे काम शिक्षणावाचून येण्यासारखे नव्हते.

सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचारिका व सुईणीच्या प्रशिक्षणासाठी विद्यार्थिनी पाठवल्या आणि त्यांच्या निवासासाठी वसतिगृह चालवले. रानडे यांच्या घराण्यातील प्रतिष्ठित विधवा संस्थेच्या प्रमुख असल्याने मुलींना व विधवांना तेथे ठेवण्यास पालक तयार होऊ लागले. ज्यांच्यापुढे आश्रित म्हणून जगण्यावाचून मार्ग नव्हता, अशा अनेक स्त्रियांना यामुळे स्वतःच्या कमाईचे साधन मिळाले.

इतर कार्य व लेखन

रमाबाईंनी येरवडा कारागृहातील स्त्री-कैद्यांची भेट घेण्याचे काम केले. मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे यासाठी, तसेच स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्यांनी पुढाकार घेतला. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (इ.स. १९१०) हे त्यांचे आत्मकथन मराठी स्त्री-आत्मचरित्रांत महत्त्वाचे मानले जाते.

स्मृती

भारतीय टपाल खात्याने इ.स. १९६२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यांच्या जीवनावर आधारित ‘उंच माझा झोका’ ही मालिका इ.स. २०१२ मध्ये झी मराठी वाहिनीवर प्रसारित झाली.