जॉन लोगी बेअर्ड : तारेतून चित्र पाठविणारा संशोधक

आपल्या घरातील दूरचित्रवाणी संचाची मागची बाजू आपण पाहिली असेल. तेथे तारा जोडण्यासाठी वेगवेगळ्या आकारांची छिद्रे असतात. जुन्या संचांत पिवळ्या टोकाची एकच तार संपूर्ण चित्र वाहून आणते. त्या एका तारेत चित्राचा उजेड आणि रंग एकत्र मिसळलेले असतात. त्यामुळे मोठ्या पडद्यावर अक्षरांच्या कडा पुसट दिसतात व एक रंग दुसऱ्यात उतरतो. नव्या संचाला एचडीएमआय नावाची केबल जोडली, की सुमारे २० लाख ठिपक्यांचे रेखीव चित्र पडद्यावर उमटते. चित्रात तपशील किती आहे आणि तो वाहून नेणारी वाट किती रुंद आहे, यावर चित्राचा दर्जा ठरतो. हा प्रश्न ज्यांच्यापुढे अगदी प्रथम उभा राहिला, त्या संशोधकांमध्ये जॉन लोगी बेअर्ड यांचे नाव अग्रभागी आहे.

जॉनचा जन्म १३ ऑगस्ट १८८८ रोजी स्कॉटलंडमधील हेलेन्सबर्ग या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. चार भावंडांत जॉन सर्वांत धाकटा. त्याची प्रकृती लहानपणापासून नाजूक होती, परंतु जिज्ञासा मात्र दांडगी होती. शाळेत असतानाच त्याने आपले घर आणि मित्रांची घरे तारांनी जोडून छोटेसे दूरध्वनी केंद्र उभारले. पुढे त्याने घरात स्वतः तयार केलेल्या विजेचे दिवेही लावले. ग्लासगो येथील तंत्रशाळेत शिक्षण पुरे करून त्याने विद्यापीठात प्रवेश घेतला. पण पहिले महायुद्ध सुरू झाले आणि पदवी राहून गेली. प्रकृतीमुळे सैन्यातही त्याला घेतले नाही.

यानंतरची काही वर्षे बेअर्ड यांनी नाना उद्योग करून पाहिले. वीज कंपनीत नोकरी केली. थंडीत पाय उबदार ठेवणारे मोजे विकले. १९१९ मध्ये वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर जाऊन फळांचा मुरंबा करण्याचा कारखाना काढला. तेथे किड्यांनी आणि तापाने त्यांना हैराण केले. परत आल्यावर लंडनमध्ये साबण विकला. प्रत्येक वेळी प्रकृती ढासळली व धंदा अर्ध्यावर सोडावा लागला. १९२३ मध्ये हवापालटासाठी ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गावी आले, तेव्हा त्यांचे वय पस्तिशीचे होते. हाती पैसा नव्हता आणि नावावर यशही नव्हते.

याच गावी त्यांनी दूरवर चित्र पाठविण्याच्या कल्पनेचा ध्यास घेतला. ही कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. पॉल निपको या जर्मन संशोधकाने १८८४ मध्येच एका तबकडीची योजना मांडली होती. तबकडीवर वळणावळणाने छिद्रे पाडायची. ती फिरू लागली, की प्रत्येक छिद्र समोरच्या दृश्याची एकेक रेघ टिपत जाते. उजेडाचा कमीअधिकपणा विजेच्या कमीअधिक प्रवाहात बदलतो. हा प्रवाह तारेतून दुसऱ्या टोकाला नेला, की तेथील दिवा त्याच प्रमाणात उजळतो किंवा मंदावतो. त्या दिव्यासमोर तशीच तबकडी त्याच वेगाने फिरत असेल, तर रेघांवर रेघा रचून चित्र तयार होते. निपको यांची ही योजना कागदावरच राहिली होती. बेअर्ड यांनी ती प्रत्यक्षात आणण्याचे ठरविले.

साहित्यासाठी पैसे नव्हते. म्हणून टोपी ठेवायचा जुना खोका, चहाची रिकामी पेटी, सायकलच्या दिव्याची भिंगे, रफूच्या सुया, लाख आणि डिंक यांतून यंत्र उभे राहिले. १९२४ मध्ये त्यातून आकृत्यांच्या सावल्या पलीकडे दिसू लागल्या. त्याच वर्षी प्रयोग करताना त्यांना विजेचा जबर धक्का बसला. हात भाजला, पण जीव वाचला. या प्रकाराने धास्तावलेल्या घरमालकाने जागा सोडण्यास सांगितले. बेअर्ड आपले यंत्र घेऊन लंडनला आले व सोहो भागातील एका घराच्या वरच्या मजल्यावर राहू लागले.

२ ऑक्टोबर १९२५ हा दिवस त्यांच्या आयुष्यातील सर्वांत आनंदाचा ठरला. बोलक्या बाहुल्यांच्या खेळातील एका बाहुल्याचे डोके त्यांनी यंत्रासमोर ठेवले होते. त्या दिवशी पडद्यावर प्रथमच केवळ सावली न उमटता उजेड-अंधाराच्या छटांसह चेहरा दिसला. आनंदाच्या भरात बेअर्ड खाली धावले आणि तेथील कार्यालयात काम करणाऱ्या एका तरुणाला वर घेऊन आले. त्याचा चेहराही पडद्यावर उमटला. २६ जानेवारी १९२६ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेच्या सदस्यांनी हे प्रात्यक्षिक पाहिले आणि बेअर्ड यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

हे चित्र अवघ्या ३० रेघांचे होते. आजच्या मानाने ते फारच ढोबळ होते. परंतु या ढोबळपणाचा एक मोठा लाभ होता. तपशील थोडा असल्यामुळे त्याला वाटही अरुंद पुरत असे. मनुष्याचा आवाज नेण्यासाठी टाकलेल्या साध्या दूरध्वनीच्या तारेतून ते जाऊ शके. मे १९२७ मध्ये बेअर्ड यांनी लंडनहून ग्लासगोपर्यंत, ४३८ मैल अंतरावर, दूरध्वनीच्या तारेनेच चित्र पोहोचविले. फेब्रुवारी १९२८ मध्ये रेडिओ लहरींच्या साहाय्याने त्यांचे चित्र अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेत पोहोचले. त्याच वर्षी जुलै महिन्यात त्यांनी रंगीत चित्रही दाखविले. १९२९ पासून बीबीसीच्या नेहमीच्या रेडिओ केंद्रावरून या चित्रांचे प्रायोगिक प्रसारण सुरू झाले. प्रारंभी एकच प्रक्षेपक मिळाल्यामुळे आधी चित्र व मग आवाज पाठवावा लागे. १९३० मध्ये दुसरा प्रक्षेपक मिळाला, तेव्हा दोन्ही एकत्र जाऊ लागले. घरी वापरण्याचा त्यांचा संच बाजारात आला. त्याचे चित्र तळहातापेक्षाही लहान व तांबूस असे. तरी लोक त्याभोवती कौतुकाने जमत.

कौतुकाचा पहिला भर ओसरला, की मनुष्य गुण पारखू लागतो. लोकांना स्पष्ट, मोठे व स्थिर चित्र हवे होते. फिरती तबकडी फार सूक्ष्म रेघा टिपू शकत नव्हती. दुसरीकडे आयझॅक शोएनबर्ग यांच्या मार्गदर्शनाखाली ईएमआय कंपनीचे संशोधक वेगळ्या मार्गाने जात होते. त्यांच्या कॅमेऱ्यात फिरणारा भागच नव्हता; काचेच्या नळीतील इलेक्ट्रॉनांचा झोत रेघा टिपत असे. कोणती पद्धत चांगली, हे ठरविण्यासाठी दोन्ही पद्धती आलटून पालटून वापराव्यात, असे ठरले. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेस येथून बीबीसीची नियमित सेवा सुरू झाली. बेअर्ड यांच्या कंपनीचे चित्र २४० रेघांचे होते, तर प्रतिपक्षाचे ४०५ रेघांचे.

ही तुलना बेअर्ड यांना फार जड गेली. त्यांच्या पद्धतीत दृश्य आधी फिल्मवर घेऊन, ती लगेच धुऊन, मग प्रसारित करावी लागे. कॅमेरा जागचा हलविता येत नसे. ईएमआयचा कॅमेरा मात्र सहज फिरविता येई व त्याचे चित्रही अधिक स्थिर असे. त्यातच ३० नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनमधील क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तेथील बेअर्ड कंपनीच्या प्रयोगशाळा भस्मसात झाल्या. फेब्रुवारी १९३७ मध्ये त्यांची पद्धत बंद करण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी मे महिन्यात राज्यारोहणाची मिरवणूक दाखविताना लंडन शहरात टाकलेली खास केबल वापरावी लागली. ४०५ रेघांच्या चित्राला दूरध्वनीची साधी तार पुरेशी नव्हती. चित्र सुधारले, तशी त्याची वाटही रुंद करावी लागली.

एखाद्याने येथेच हात टेकले असते. बेअर्ड यांनी मात्र जे सरस आहे ते मान्य केले आणि ज्या इलेक्ट्रॉन नळीपुढे आपली तबकडी हरली, त्याच नळीचा अभ्यास आरंभिला. दुसऱ्या महायुद्धात दूरचित्रवाणी प्रसारण बंद पडले, कंपनीही अडचणीत आली. तरी घरच्या प्रयोगशाळेत स्वतःचा पैसा घालून ते काम करीत राहिले. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी संपूर्ण इलेक्ट्रॉनिक अशी रंगीत चित्रनळी लोकांसमोर ठेवली. युद्धानंतर हजार रेघांच्या रंगीत चित्राचा स्वीकार व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. तो त्या वेळी मान्य झाला नाही. ७ जून १९४६ रोजी बीबीसीची दूरचित्रवाणी पुन्हा सुरू झाली आणि अवघ्या आठवड्याने, १४ जून रोजी, बेक्सहिल येथे बेअर्ड यांचे निधन झाले.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. तेथून घरोघरी पोहोचणारे चित्र ६२५ रेघांचे होते. आज ही संख्या हजारांच्या पुढे गेली आहे. बेअर्ड यांची तबकडी आता संग्रहालयात पाहावी लागते. परंतु दूरचे दृश्य घरबसल्या पाहता येईल, हा विश्वास लोकांच्या मनात निर्माण करण्यात त्या तीस रेघांचा वाटा मोठा होता. आपले काम मागे पडले, तरी नव्याकडे पाठ न फिरविता तेच पुन्हा शिकायला बसणे सोपे नसते. बेअर्ड यांनी ते आयुष्याच्या अखेरपर्यंत केले.