प्रश्नांना उत्तरे देणारा प्राध्यापक

मुलाला मिसरूड फुटते, मुलीची पाळी सुरू होते आणि घरात एकदम कुजबूज सुरू होते. शाळेत प्रजननाचा धडा आला की तो घरी वाचून या, असे सांगून बाई किंवा सर पुढे सरकतात. मग मुले मित्राला विचारतात. हल्ली मोबाइलला विचारतात. अशाच न विचारलेल्या प्रश्नांसाठी मुंबईतल्या गणिताच्या एका प्राध्यापकाने आपले आयुष्य खर्ची घातले. त्यांचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

महर्षी कर्व्यांचा हा थोरला मुलगा. जन्म 14 जानेवारी 1882 चा. 1891 साली आई राधाबाई बाळंतपणात गेल्या, तेव्हा रघुनाथ अवघा नऊ वर्षांचा होता. दोनच वर्षांनी वडिलांनी विधवेशी विवाह केला आणि समाजाचा रोष ओढवून घेतला. लोकनिंदा म्हणजे काय, हे या मुलाने घरातच पाहिले.

पुढे रघुनाथराव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवू लागले. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. देशातल्या अगदी पहिल्या केंद्रांपैकी हे एक. 1923 साली संततिनियमनावर आणि गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर पुस्तके लिहिली. हे काम सोडा, नाहीतर नोकरी सोडा, अशी वेळ आली आणि 1925 साली त्यांनी नोकरी सोडली. संसाराची ओढाताण झाली, पण पत्नी मालतीबाईंनी साथ सोडली नाही. या जोडप्याने स्वतःला मूल होऊ दिले नाही.

जुलै 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू झाले. वाचक शंका विचारीत आणि कर्वे सरळ मराठीत, शास्त्राच्या आधाराने उत्तरे देत. हस्तमैथुनाने शरीर खंगते या समजुतीने कित्येक तरुण मनातल्या मनात झुरत. ही भीती निराधार आहे, हे कर्व्यांनी निर्भीडपणे लिहिले. आजचे वैद्यकही तेच सांगते.

अशा उत्तरांवरून 1934 साली अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोकांनी विचारलेल्या शंकांना ज्ञानानेच उत्तर द्यायला हवे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. तरीही दोनशे रुपये दंड झालाच. कर्व्यांनी दंड भरला आणि पुढचा अंक काढला. 1944 साली मालतीबाई गेल्या. एकाकी रघुनाथराव मासिक चालवीतच राहिले आणि 14 ऑक्टोबर 1953 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला. 2007 साली शाळांतल्या लैंगिक शिक्षणावरून याच महाराष्ट्रात गदारोळ उठला आणि तो कार्यक्रम थांबला. मुले बिघडतील, हीच भीती पुन्हा पुढे आली. पण ज्या मुलीला पाळी येण्यापूर्वीच ती का येते हे कळले, ती पहिल्या दिवशी घाबरत नाही. आपल्या अंगाला कुणी हात लावू नये, आणि लावला तर कुणाला सांगावे, हे ज्या मुलाला बाईंनी शिकवले, तो गप्प बसत नाही. अज्ञानाने निरागसता टिकत नाही, फक्त एकटेपणा वाढतो.

कर्व्यांना आपण रस्त्यांना नावे देण्याइतके मोठे मानले नाही. त्याची खंत नको. पुढच्या वेळी घरात एखादे मूल अडखळत काही विचारील, तेव्हा विषय न बदलता त्याला उत्तर द्यावे. तेवढे केले तरी या प्राध्यापकाचे ऋण थोडे फिटेल.