सुटका आणि ओलीस : सातारचे शाहू छत्रपती

विद्यार्थी मित्रहो आणि पालकहो, शाहू म्हटले की आपल्या भागात कोल्हापूरचे राजर्षी आठवतात. हे चरित्र त्यांचे नव्हे. त्यांच्या शंभराहून अधिक वर्षे आधी होऊन गेलेल्या सातारच्या शाहू छत्रपतींचे हे चरित्र आहे.

संभाजी महाराज व येसूबाई यांचे हे पुत्र १८ मे १६८२ रोजी गांगवली येथे जन्मले. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला आणि अवघ्या सात वर्षांचे शाहू आईसह कैदेत गेले. औरंगजेबाने त्यांना सात हजारी मनसब दिली. बादशहाची कन्या झीनतुन्निसा बेगम हिने या मायलेकरांवर माया केली. तरीही कैद ती कैदच.

१७०७ मध्ये औरंगजेब वारला. गादीसाठी उत्तरेकडे निघालेल्या आझमशहाने मे महिन्यात भोपाळजवळ दोराहा येथे शाहूंना मोकळे केले. ही निव्वळ दया नव्हती. शाहू परतले की ताराबाईंशी वारसाहक्काचा तंटा होईल, मराठे दुभंगतील आणि दक्षिणेतील मोगलांवरचा भार हलका होईल, असा हिशेब त्यामागे होता. शिवाय येसूबाईंसह कुटुंबीय ओलीस म्हणून मागेच ठेवले गेले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. आईला शत्रूच्या हाती ठेवून मुलाने बाहेर पडावे काय? आणि ज्याच्या सुटकेने स्वकीयांतच तलवारी उपसल्या जातील, त्याला सोडणे हा उपकार की डावपेच? हिशेब खरा ठरला. त्याच वर्षी खेड येथे मराठ्यांची मराठ्यांशी लढाई झाली. शाहू विजयी झाले व जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला.

परंतु मागे राहिलेल्यांना ते विसरले नाहीत. सय्यद बंधूंशी झालेल्या तहात आप्तांची सुटका हे महत्त्वाचे कलम होते. बाळाजी विश्वनाथ फौजेसह दिल्लीस गेले आणि १७१९ मध्ये येसूबाई जवळजवळ तीस वर्षांनी स्वदेशी परतल्या.

पुढे कसोटी शाहूंचीच लागली. १७३० च्या सुमारास कोल्हापूरकर संभाजींचा पराभव झाला व त्यांच्या घरातील स्त्रिया शाहूंच्या फौजेच्या हाती सापडल्या. त्यांना अडकवून हवे ते पदरात पाडून घेणे सोपे होते. शाहूंनी त्यांना सन्मानाने परत पाठविले. ताराबाई मात्र साताऱ्यास राहिल्या. १७३१ मध्ये वारणेचा तह होऊन वारणा ही दोन राज्यांची सीमा ठरली. पलूसहून फार दूर नसलेल्या त्या नदीकाठी भाऊबंदकीचे युद्ध असे शमले. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू निवर्तले.

आजही युद्धात कैद्यांची अदलाबदल होते. सुटलेला पुन्हा शस्त्र उचलील ही भीती खोटी नाही, आणि राज्यकर्त्याने ती तोलूनच पाहिली पाहिजे. पण ज्यांनी शस्त्र उचललेच नाही अशा बायकामुलांना सौद्याच्या तागडीत घालणे कोणत्याही पक्षाला शोभत नाही. पालकहो, ज्याने स्वतः ओलिसांचे दुःख भोगले त्याने ते दुसऱ्याच्या वाट्यास येऊ दिले नाही, एवढे या चरित्रातून मुलांना अवश्य सांगा.