रॉबर्ट हूक आणि त्याचा सांधा

आपल्या भंडारा जिल्ह्यांत धानाची मळणी आतां बहुतेक ठिकाणीं यंत्रानें होते. ट्रॅक्टरच्या पाठीमागून एक लोखंडी दांडा फिरत निघतो व मळणीयंत्रास गति देतो. ट्रॅक्टर उंच, यंत्र सखल. दोहोंची रेषा एक नसते. तरीहि गति मध्येंच तुटत नाहीं. जीप व ट्रक यांच्या पोटाखालींहि असाच दांडा असतो. गडेगांव येथील अशोक लेलँडच्या कारखान्यांत ट्रकांच्या गिअरबॉक्स तयार होतात. त्या गिअरबॉक्समधून निघालेली गति मागच्या चाकांपर्यंत नेण्याचें काम हा दांडा करतो. चाकें खांचखळग्यांत वरखालीं होतात. ताठ दांडा असता तर पहिल्याच खड्ड्यांत मोडला असता. तो मोडत नाहीं, कारण त्याच्या दोन्ही टोकांस वळणारा सांधा आहे. या सांध्यास शास्त्रीय ग्रंथांत हूकचा सांधा म्हणतात. हा हूक कोण होता, तें आज पाहूं.

रॉबर्ट हूक याचा जन्म ता. १८ जुलै १६३५ रोजीं इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट नांवाच्या बेटावर, फ्रेशवॉटर या गांवीं झाला. बाप तेथील चर्चमध्यें धर्मोपदेशक होता. मूल इतकें अशक्त कीं, तें जगेल अशी आईबापांस फारशी आशा नव्हती. डोकेदुखीमुळें त्याचा नियमित अभ्यास सुटला आणि तें आपल्याच नादानें खेळणीं बनवूं लागलें. एकदां एक जुनें पितळी घड्याळ उकललेलें त्यानें पाहिलें, आणि तसेंच लांकडाचें घड्याळ करून तें चालवून दाखविलें.

इ. स. १६४८ त बाप वारला. तेरा वर्षांचा हूक लंडनला आला व पीटर लेली या नामांकित चित्रकाराकडे उमेदवार राहिला. रंगांच्या वासानें डोकें दुखूं लागलें, म्हणून तेथून निघून तो वेस्टमिन्स्टर शाळेंत डॉ. बझबी यांच्या हाताखालीं शिकूं लागला. लॅटिन, ग्रीक व भूमिति यांबरोबर लेथवर काम करण्याची विद्याहि त्यानें हस्तगत केली. पुढें त्याची पाठ वांकली. लेथवर ओणवें राहिल्यामुळें असें झालें, असें तो मानी. पाठ वांकली, पण हत्यार त्यानें कधीं खालीं ठेविलें नाहीं.

ऑक्सफर्ड येथें तो रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाचा मदतनीस झाला. हवेविषयींचे बॉइलचे प्रसिद्ध प्रयोग ज्या पंपावर झाले, तो हूकच्या हातचा होता. इ. स. १६६२ त लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास आपल्या प्रयोगांचा अधिकारी नेमिलें. सभासदांपुढें वारंवार नवे प्रयोग करून दाखविणें, हें त्याचें काम. इ. स. १६६५ त त्याचा मायक्रोग्राफिया हा सचित्र ग्रंथ निघाला. सूक्ष्मदर्शकाखालीं बुचाच्या पातळ कापांत जे बारीक कप्पे दिसले, त्यांस त्यानें दिलेलें सेल हें नांव आजहि जीवशास्त्रांत चालतें. पुढील वर्षीं लंडनला भयंकर आग लागली, तेव्हां जळालेल्या शहराची मोजणी करून रस्ते व घरांच्या जागा आंखून देण्यांत हूक अग्रभागीं होता. स्प्रिंग जितक्या जोरानें ओढावी तितक्या प्रमाणांत ती ताणली जाते, हा नियमहि त्याचाच.

आतां सांध्याकडे वळूं. दोन दांड्यांच्या टोकांस दोन बेचकीं असावीं आणि त्यांच्यामध्यें अधिकचिन्हाच्या आकाराचा एक तुकडा बसवावा, म्हणजे एक दांडा दुसऱ्याशीं कोन करूनहि त्यास फिरवूं शकतो. ही कल्पना मुळांत हूकची नव्हे. इटलीतील कार्डानो (१५०१-१५७६) याच्या नांवानेंहि हा सांधा ओळखला जातो. परंतु हूकनें तो आपल्या उपकरणांत वापरला, १६७६ सालच्या पुस्तकांत त्याचें वर्णन केलें आणि त्यास युनिव्हर्सल जॉइंट हें नांव दिलें. एका सांध्यानें फिरणारा दांडा कोनांत असतां सारख्या वेगानें फिरत नाहीं. एका फेऱ्यांत दोनदां पुढें धांवतो व दोनदां मागें रेंगाळतो. यावर दोन सांधे जोडण्याचा उपायहि हूकनेंच सुचविला. पहिल्यानें केलेली चूक दुसरा सुधारतो. इ. स. १९०३ मध्यें अमेरिकेंतील क्लॅरेन्स स्पायसर यानें मोटारीसाठीं अशा सांध्याचें पेटंट घेतलें, आणि पुढें साखळीनें चालणाऱ्या मोटारी मागें पडल्या. आजच्या पुष्कळ लहान मोटारींत पुढचीं चाकें गाडी ओढतात. तेथें पोलादी गोळ्यांचा निराळा सांधा असतो. ट्रक व ट्रॅक्टर यांत मात्र हूकचाच सांधा चालतो.

घरीं गाडी दुरुस्त करणाऱ्यानें हें तत्त्व ध्यानांत ठेवावें. मधल्या तुकड्यास कारागीर क्रॉस म्हणतात. त्याच्या चार टोकांवर चार वाट्या बसतात, आणि प्रत्येक वाटींत सुईसारखे बारीक रूळ ग्रीसनें चिकटवून उभे केलेले असतात. वाटी बेचक्याच्या भोकांत पुरती जाईना, म्हणजे उतावळा मनुष्य हातोडा उचलतो. पण पुष्कळ वेळां हट्ट लोखंडाचा नसतोच. एखादा रूळ घसरून वाटीच्या तळाशीं आडवा पडलेला असतो. घाव घातला कीं रूळ मोडतो, नाहींतर बेचकें वांकतें. जाणता कारागीर वाटी बाहेर काढून रूळ पुन्हां उभे करतो, भोकांतील गंज पुसतो, क्रॉसचें टोंक वाटींत शिरवून तिला आधार देतो आणि शिकंज्यानें ती सरळ दाबतो. अडकवणीची कडी खोबणींत नीट बसली आणि सांधा हातानें मोकळा फिरला, म्हणजेच तो काम पुरें झालें असें समजतो. दांडा सोडण्यापूर्वीं तो खुणा करून ठेवतो. कारण मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांचीं बेचकीं एका रेषेंत नसलीं, तर दुसरा सांधा पहिल्याची चूक सुधारण्याऐवजीं वाढवितो आणि गाडी थरथरूं लागते. गाडी नुसत्या जॅकवर तोलून तिच्याखालीं शिरूं नये, मजबूत घोड्यांवर टेकवावी. आणि ट्रॅक्टरचें इंजिन बंद केल्यावांचून फिरत्या दांड्याजवळ हात नेऊं नये. यांत प्रत्यक्ष जिवाचा प्रश्न आहे.

यंत्रांचे सांधे असे जुळविणाऱ्या हूकला माणसांशीं मात्र जुळवितां आलें नाहीं. आपला शोध दुसरा कोणी घेईल या भीतीनें त्यानें स्प्रिंगचा नियम इ. स. १६७६ त अक्षरांची उलटापालट करून छापला, आणि दोन वर्षांनीं अर्थ उघड केला. घड्याळाच्या स्प्रिंगवरून हायगेन्सशीं व गुरुत्वाकर्षणावरून न्यूटनशीं त्याचें वितुष्ट आलें. त्याच्या तक्रारींत मुळींच तथ्य नव्हतें असें नाहीं. पण कटुता वाढली आणि कोणीच नमलें नाहीं. ता. ३ मार्च १७०३ रोजीं लंडनमधील ग्रेशम कॉलेजांतील आपल्या खोल्यांत तो मरण पावला. पेटींत हजारों पौंड सांपडले. राहणी मात्र अगदीं दरिद्री माणसाची होती. त्याच वर्षीं न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. हूकचें खात्रीचें असें एकहि चित्र आज उपलब्ध नाहीं.

मुलांनो, हूकपासून दोन गोष्टी घ्या आणि एक सोडून द्या. बुद्धि व हात यांची फारकत त्यानें कधीं केली नाहीं, आणि आजाराला सबब केलें नाहीं, या घ्या. त्याचा संशयी स्वभाव सोडा. पालकांसहि एक विनंति आहे. मुलगा असो कीं मुलगी, घरांतील बंद पडलेलें घड्याळ किंवा मोडकी सायकल त्यांना उकलूं द्या. हात काळे होतील, एखादा स्क्रू हरवेल. परंतु फ्रेशवॉटरच्या त्या आजारी मुलाच्या हातून कोणी तें पितळी घड्याळ हिसकून घेतलें असतें, तर जगाचें किती नुकसान झालें असतें, याचा विचार करा.