समजून घ्या : झाडाच्या पानापासून धातूंच्या चाचणीपर्यंत, कोण होते मिखाईल त्स्वेत?

पाण्यात क्रोमियम आहे, एवढे कळून भागत नाही. त्याचे ट्रायव्हॅलंट रूप तुलनेने निरुपद्रवी असते, तर हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगाला कारणीभूत ठरू शकते. मूलद्रव्ये मोजणारे यंत्र फक्त एकूण क्रोमियम सांगते. त्यामुळे दोन्ही रूपे आधी वेगळी करावी लागतात. हे काम लिक्विड क्रोमॅटोग्राफी करते. या तंत्राची सुरुवात मात्र धातूंपासून नाही, तर झाडाच्या पानापासून झाली.

कोण होते त्स्वेत?
मिखाईल त्स्वेत यांचा जन्म १४ मे १८७२ रोजी इटलीतील आस्ती येथे झाला. वडील रशियन, आई इटालियन. जन्मानंतर थोड्याच काळात आईचे निधन झाले. स्वित्झर्लंडमध्ये वाढलेल्या त्स्वेत यांनी १८९६ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि ते रशियाला गेले. तिथे ही परदेशी पदवी ग्राह्य धरली गेली नाही. १९०१ मध्ये त्यांना कझान विद्यापीठातून पुन्हा पदवी घ्यावी लागली. त्यानंतर ते वॉर्सात आले. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते.

त्यांनी नेमके काय केले?
काचेच्या उभ्या नळीत त्यांनी खडूची बारीक पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ठासून भरली. वरून पानांचा अर्क ओतला आणि मग द्रावक सोडला. नळीत हिरवे, पिवळे पट्टे वेगवेगळे उमटले. जे रंगद्रव्य पुडीला घट्ट चिकटते ते मागे राहते, सैल चिकटणारे पुढे सरकते. इतके हे साधे तत्त्व आहे. १९०३ मध्ये त्यांनी यावर व्याख्यान दिले आणि १९०६ मध्ये तंत्राला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. ग्रीक भाषेत क्रोमा म्हणजे रंग. योगायोग म्हणजे रशियन भाषेत त्स्वेत या शब्दाचा अर्थही रंग असाच होतो.

मग दुर्लक्ष का झाले?
त्स्वेत वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि त्यांचे निष्कर्ष अनेक रसायनशास्त्रज्ञांना पटले नाहीत. १९१५ मध्ये वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील संशोधनासाठी नोबेल मिळाले ते जर्मनीच्या रिचर्ड विल्श्टेटर यांना. त्याच वर्षी पहिल्या महायुद्धामुळे त्स्वेत यांना वॉर्सा सोडावे लागले. १९१७ मध्ये ते टार्टूत प्राध्यापक झाले. तेही शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात गेल्यावर त्यांना व्होरोनेझ गाठावे लागले. तिथेच २६ जून १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या ४७व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हे तंत्र धातूंपर्यंत कसे पोहोचले?
१९३१ मध्ये हायडेलबर्ग येथे रिचर्ड कुन आणि एडगर लेडरर यांनी त्स्वेत यांची पद्धत पुन्हा वापरात आणली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुसंशोधनात ती धातूंसाठी वापरली गेली. पाण्यात विरघळलेल्या धातूंच्या आयनांवर सहसा धनभार असतो. म्हणून नळीत खडूऐवजी ऋणभारित रेझिनचे मणी भरले गेले. प्रत्येक आयनाची मण्यांवरची पकड थोडी वेगळी असते. सायट्रिक आम्लासारखे द्रावण सोडले की आयन एकामागून एक सुटून बाहेर येतात.

दुर्मीळ मृदा धातूंचे गुणधर्म इतके सारखे असतात की पूर्वी ते वेगळे करण्यासाठी स्फटिकीकरण असंख्य वेळा करावे लागे. हे काम रेझिनच्या नळीने सोपे केले. आयोवात फ्रँक स्पेडिंग यांनी ते मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. १९४५ मध्ये ओक रिज येथे प्रोमेथियम या मूलद्रव्याची ओळखही याच मार्गाने पटली.

आज काय स्थिती आहे?
१९७५ मध्ये हॅमिश स्मॉल व सहकाऱ्यांनी आयन क्रोमॅटोग्राफी प्रसिद्ध केली. त्यामुळे वेगळे झालेले आयन लगेच मोजणे शक्य झाले. आता नळीतून बाहेर येणारा द्रव थेट मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातो. क्रोमियमची दोन रूपे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि स्वतंत्र मोजली जातात. खडूऐवजी रेझिन आले, डोळ्यांऐवजी यंत्र आले. तत्त्व मात्र त्स्वेत यांचेच आहे.