वियोगातून उभा राहिलेला संशोधन निधी : सर दोराबजी टाटा

दुर्मीळ आजारांवरील संशोधनाचा खर्च कोणी उचलावा, हा प्रश्न आजही कायम आहे. महाधमनीची भिंत कमकुवत करणारे मार्फान सिंड्रोमसारखे आनुवंशिक विकार तुलनेने मोजक्या कुटुंबांत आढळतात. रुग्णसंख्या कमी असल्याने औषध उद्योगाला त्यात नफा दिसत नाही आणि संशोधकांना अनुदानावरच विसंबावे लागते. नफ्याची अपेक्षा न ठेवता असा निधी उभारणाऱ्या भारतीयांत सर दोराबजी टाटा यांचे नाव अग्रभागी आहे.

उद्योगपती जमशेटजी टाटा यांचे थोरले पुत्र दोराबजी यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. केंब्रिज आणि मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय येथे शिक्षण घेतल्यावर त्यांनी काही काळ पत्रकारिता केली. नंतर नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये त्यांनी वस्त्रोद्योगाचे धडे घेतले. वडिलांच्या पोलाद कारखान्याच्या संकल्पासाठी तत्कालीन मध्य प्रांतातील चांदा व दुर्ग भागांत झालेल्या लोहखनिजाच्या शोधातही त्यांचा पुढाकार होता. १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली.

१८९८ मध्ये त्यांचा विवाह मेहेरबाई भाभा यांच्याशी झाला. पत्नीसाठी त्यांनी सुमारे २४५ कॅरेटचा ज्युबिली हिरा खरेदी केला होता. १९२४ मध्ये पोलाद कंपनी आर्थिक संकटात सापडली, तेव्हा कर्ज मिळवण्यासाठी दोराबजींनी आपली वैयक्तिक संपत्ती तारण ठेवली. त्यात हा हिराही होता. कंपनी तगली.

रक्ताच्या कर्करोगापुढे मात्र संपत्तीचा उपयोग झाला नाही. त्या काळी या रोगावर परिणामकारक उपचार नव्हते. १८ जून १९३१ रोजी वेल्समध्ये मेहेरबाईंचे निधन झाले.

दाम्पत्य निपुत्रिक होते. दोराबजींनी आपली संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली आणि एप्रिल १९३२ मध्ये ‘लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट’ स्थापन केला. त्याच्या उत्पन्नाचे चार पंचमांश जगभरातील रक्तकर्करोग संशोधनासाठी, तर एक पंचमांश मानवी व्याधी दूर करण्यासाठी भारतात होणाऱ्या संशोधनासाठी राखून ठेवण्यात आला. पारतंत्र्यातील देशाच्या पैशातून परदेशी शास्त्रज्ञांनाही अनुदान देणारी ही योजना रोगाला सीमा नसतात, या जाणिवेवर उभी होती.

पुढच्या दोनच महिन्यांत, ३ जून १९३२ रोजी, जर्मनीतील बाड किसिंगेन येथे दोराबजींची प्राणज्योत मालवली. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली.

मेहेरबाईंना या निधीचा लाभ होणे शक्यच नव्हते. त्यांच्यानंतर याच रोगाला सामोरे जाणाऱ्या अनोळखी रुग्णांसाठी तो होता. आनुवंशिक रक्तवाहिनी विकार असलेली कुटुंबेही आज अशाच दीर्घकालीन निधीच्या प्रतीक्षेत आहेत.