मज्जातंतूंना हाक कोण घालते?

मुलगा चित्रकार व्हायचे म्हणून हटून बसलेला आणि वडील त्याला डॉक्टर करायचे म्हणून. स्पेनच्या आरागॉन प्रांतात १८६०च्या दशकात चाललेले हे भांडण आपल्याकडच्या कुठल्याही आळीत खपून गेले असते. सान्तियागो रामोन इ काहाल याचा जन्म १ मे १८५२चा. पोर महाउपद्व्यापी. घरी बनवलेल्या तोफेने शेजाऱ्याचे फाटक उडवले म्हणून अकराव्या वर्षीच कोठडीची हवा खाऊन आले. वडिलांनी न्हाव्याकडे, जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवून पाहिले. अखेर त्याला जुन्या दफनभूमीतली हाडे दाखवायला नेले. पोराने ती चितारायला घेतली आणि वैद्यकात अडकला तो कायमचा.

लष्करी डॉक्टर म्हणून काहाल क्युबात गेले आणि हिवताप घेऊन परतले. १८८५च्या कॉलऱ्याच्या साथीत केलेल्या कामाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक सरकारने त्यांना झाइसचा सूक्ष्मदर्शक दिला. दोन वर्षांनी माद्रिदमध्ये डॉ. सिमारो यांनी इटलीच्या गोल्जींच्या पद्धतीने चांदीच्या क्षारात रंगवलेला मेंदूचा काप दाखवला. मोजक्याच पेशी, पण शेंड्यापर्यंत काळ्याकुळकुळीत! मज्जातंतू म्हणजे एकमेकांत विणलेले सलग जाळे, अशी तेव्हा बहुतेकांची समजूत होती. बार्सिलोनात १८८८ साली पक्ष्यांच्या मेंदूचे काप पाहून काहालांनी ठरवले, की प्रत्येक पेशी सुटी आहे; शेजारणीला टेकते, पण मिसळत नाही.

हे छापायला त्यांनी पदरमोड करून स्वतःचे नियतकालिकच काढले. पहिल्या अंकाच्या प्रती साठ! असल्या धंद्याला कोणत्याही बँकेने कर्ज दिले नसते, हे मी अनुभवाने सांगतो. स्पॅनिश कोण वाचणार? म्हणून १८८९ साली काचपट्ट्या घेऊन ते स्वतः बर्लिनला गेले आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला बोलावून दाखवू लागले. वयोवृद्ध क्योलिकरांना ते पटले, आणि मग जगालाही. १९०६चे नोबेल मात्र गोल्जींबरोबर वाटून मिळाले, आणि गोल्जींनी आपल्या भाषणात काहालांच्याच सिद्धांतावर टीका केली.

पेशी सुट्या, तर मग वाढत्या तंतूला आपले घर सापडते कसे? कोंबडीच्या गर्भात काहालांनी १८९० साली तंतूचे वाढते टोक पाहिले होते. १८९२ साली त्यांनी तर्क मांडला, की वाटेतल्या पेशी एखादे रसायन सोडून त्याला हाक घालत असाव्यात. हाता-पायातला तुटलेला तंतू पुन्हा वाढतो. मेंदूत आणि मज्जारज्जूत तो थोडा सरकतो आणि थांबतो. त्यांचा शिष्य तेल्यो याने सशाच्या मेंदूत पायाच्या नसेचा तुकडा बसवला, तर मेंदूतले तंतू त्यात शिरले. म्हणजे अंगात वाढण्याची धमक होती, पोषण नव्हते. माझ्या मते काहालांच्या साऱ्या कामात हाच धागा सर्वांत मोलाचा. ते रसायन मात्र १७ ऑक्टोबर १९३४ रोजी डोळे मिटेपर्यंत त्यांच्या हाती लागले नाही.

पुढे रीता लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी १९५०च्या दशकात असे पहिले प्रथिन पकडले. ते विपुल सापडले कुठे, तर उंदराच्या लाळग्रंथीत! तुटलेल्या नसेभोवतालच्या आवरणपेशीही ते बनवतात, हे नंतर कळले. काहालांचा अंदाज तोच होता. दुसरे प्रथिन, बीडीएनएफ, बार्द आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली डुकराच्या मेंदूतून वेगळे केले. दीड किलो मेंदूतून हाती आले ते जेमतेम एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

हे बीडीएनएफ सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सर्वत्र सारखे नसते. स्मृती जिथे घडतात त्या हिप्पोकॅम्पसमध्ये ते भरपूर, मेंदूच्या बाह्य थरातही बऱ्यापैकी. हालचालींवर ताबा ठेवणारा स्ट्रायाटम हा खोलवरचा भाग मात्र ते स्वतः फारसे बनवत नाही. बाह्य थरातल्या पेशी ते तयार करतात आणि आपल्या लांब तंतूंमधून तिथवर पोचवतात. आनुवंशिक हंटिंग्टन रोगात हीच रसद आटते आणि स्ट्रायाटममधल्या पेशी मरू लागतात. ती बाहेरून पुरवता येईल का, यावर प्रयोगशाळांतून काम चालू आहे.